टेकडीवर थांबलेली माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाला घरच्यासारखं सांभाळणारे माननीय बुद्धभूषण खंदारे साहेब, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या आमच्या संस्थेच्या संचालिका डॉ. अनुष्का माथुर, ज्यांना मराठी अजून फारसं कळत नाही आणि त्यामुळे ज्यांच्यासमोर आज मला मोकळेपणाने बोलता येणार आहे, सत्कारमूर्ती डॉ. नीलम खिल्लारे, पहिल्या रांगेत बसलेल्या, खरं तर व्यासपीठावरच बसायला हव्या होत्या अशा त्यांच्या मातोश्री कमलाबाई, राजेंद्रनगरहून पुस्तकं मिटून, मेट्रो बदलत बदलत इथवर आलेले आमचे स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, आणि गाझियाबादच्या या सभागृहात रविवारची दुपार खर्ची घालून जमलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जय भीम.

सूत्रसंचालन करणाऱ्या पूर्वीने मला दोन अटी घातल्या आहेत. एक, थोडक्यात बोला. दुसरी, विज्ञान नको. पहिली अट मी पाळेन असं मला अगदी मनापासून वाटतंय. माझ्या ओळखीच्या कुणालाच तसं वाटत नाही. दुसरी मात्र पाळता येणार नाही. नीलम मॅडमबद्दल बोलायचं आणि त्यांच्या कामाबद्दल बोलायचं नाही, म्हणजे लग्नाला जाऊन नवरा-नवरीला न भेटता जेवून परत येणं झालं. आपल्यातले बरेच जण तसं करतात, हे मला ठाऊक आहे. मी करणार नाही.

मी जयंत सबनीस. मॅडम आणि मी एकाच प्रयोगशाळेत, शेजारच्या खोल्यांत, उमेदीची सगळी वर्षं काढली. मधली भिंत प्लायवुडची आहे. त्यामुळे आमचं प्रत्येक भांडण सगळ्या मजल्याने ऐकलेलं आहे, आणि काही वेळा मजल्याने त्यात भागही घेतला आहे. मॅडम परवा साठ वर्षांच्या झाल्या आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या. त्या इतक्या शांतपणे निवृत्त झाल्या की कुणालाही संशय यावा. त्या संशयाकडे मी शेवटी येणार आहे.

आम्ही नेमकं काय करतो? इथे बसलेल्या अनेकांनी मला हे विचारलं आहे आणि उत्तर ऐकता ऐकता विषय बदलला आहे. आज तुम्हाला उठून जाता येणार नाही, कारण जेवण माझ्या भाषणानंतर आहे. तर, हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडत होता, ऊन किती होतं, हे आधी शोधायचं. मग त्या पावसात आणि त्या उन्हात कोणता प्राणी कुठे जगला असेल, कोणतं झाड कुठवर पसरलं असेल, माणसं कुठे टिकली असतील आणि कुठून उठून गेली असतील, याचं मॉडेल संगणकावर करायचं. त्या काळच्या हवेची नोंद कुणी ठेवलेली नाही. ती तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळातून काढावी लागते. मॅडम हा गाळ वाचतात. गाळातले परागकण आणि चुलीच्या राखेतले जळके दाणे त्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात, आणि त्यावरून मी मॉडेल चालवतो. थोडक्यात, चिखल त्यांचा आणि रंगीत नकाशे माझे. कौतुक अर्थात नकाशांचं होतं.

आमची पहिली मोठी शोभा झाली ती एका बेडकामुळे. सह्याद्रीतला नखाएवढा बेडूक. तो आज कुठे कुठे सापडतो याची माहिती गोळा करून मी मॉडेलला दिली आणि विचारलं, हिमयुगाच्या कोरड्या काळात हा कुठे राहिला असेल? मॉडेलने फार सुंदर उत्तर दिलं. डोंगरांतून एक रेखीव पट्टा. मी तो नकाशा भिंतीवर लावला, चार लोकांना बोलावून दाखवला. मॅडम आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, आणि खोलीतून वन खात्याच्या विश्रामगृहांचा नकाशा घेऊन आल्या. दोन्ही नकाशे एकमेकांवर तंतोतंत बसले. बेडूक शोधणारे लोक जिथे मुक्कामाला होते, तिथेच बेडूक सापडला होता. बाकी डोंगरात कुणी गेलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या बेडकाला सकाळी गरम पाणी आणि खानसामा लागतो."

मी आठवडाभर बोललो नाही त्यांच्याशी. मग त्यांच्याबरोबर डोंगरात गेलो, कारण दुसरा इलाज नव्हता.

त्या बेडकाचं पुढे जे कळलं ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. पाऊस कमी झाला तसे ओले डोंगर एकमेकांपासून सुटे पडले. मधे कोरडा पट्टा आला. या डोंगरातले बेडूक या डोंगरात अडकले, त्या डोंगरातले तिकडे. एकाच आईची लेकरं. मग कितीतरी हजार वर्षांनी पाऊस परत आला, मधलं रान परत हिरवं झालं, आणि दोन्हीकडचे बेडूक पुन्हा एका ओढ्यावर भेटले. पण तोवर यांची हाक वेगळी झाली होती, त्यांची वेगळी. नर ओरडायचा आणि मादीला कळायचंच नाही की हा आपल्याला बोलावतोय. त्या ओढ्यावर बसून मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, डासांचं औषध गेलं डोळ्यांत. मी ते मान्य केलं. आमच्या दोस्तीत हे असंच चालतं.

आता आईंकडे येतो. आई, तुमच्याबद्दल बोलतोय, शेजारच्या अरोरा आंटींशी नंतर बोला.

कमलाबाई लग्न होऊन हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून थेट सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. यजमान सुखदेवराव मंत्रालयात नोकरीला. सुखदेवरावांना तीस वर्षं दिल्लीत राहून दिल्ली आवडली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी गावी विहाराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि त्यांत राहायचं ठरवता ठरवता ते गेले. आईंना मात्र दिल्ली पहिल्या दिवसापासून मानवली. सरोजिनी नगरच्या बाजारात त्यांना घासाघीस करताना ज्याने पाहिलं नाही त्याने दिल्ली पाहिली नाही. "भैया, स्वेटर बेच रहे हो के भेड़?" हे वाक्य मी या कानांनी ऐकलं आहे. माझ्या अंगावर हिवाळ्यात जे मरून रंगाचं स्वेटर असतं, ते त्याच लढाईतलं. आता इथे गाझियाबादेत, वैशाली वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये आल्यावरही त्यांचा दरबार भरतोच. सकाळी विहारातल्या बायका, दुपारी अरोरा आंटी, संध्याकाळी सीरियल. नीलम मॅडमच्या घरी फोन केला तर मॅडम कामात असतात आणि आई बिझी असतात.

मॅडमना दिल्लीत कामाशिवाय काही नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण ते लक्षात असू द्या.

गेली काही वर्षं आमचं काम माणसांवर आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावरची बरीच शेतकरी गावं ओस पडली. का पडली, यावर विद्वानांत वाद आहेत आणि मी आज त्यात शिरणार नाही. आमचा प्रश्न साधा होता. पाऊस हटत गेला तर कोण कुठे जाईल? मी मॉडेल लिहिलं. त्यात माणसांचे छोटे छोटे गट. पाऊस कमी झाला की पिकं कमी, पिकं कमी झाली की गट उठतो आणि जिथे पाणी आहे तिकडे चालू लागतो. मॉडेल चालवलं की पडद्यावर सगळे ठिपके टेकड्यांवरून उतरून नद्यांकडे जात. दोन-तीन पिढ्यांत टेकड्या रिकाम्या. बघायला फार छान दिसायचं.

मग एका उत्खननातून मॅडमकडे नमुने आले. पाण्यापासून लांब, उघड्या टेकडीवरची जागा. मॉडेलप्रमाणे तिथे त्या काळी चिटपाखरू नसायला हवं. आणि तिथे चुली होत्या. राख, तिच्यावर राख, पुन्हा राख. कोरड्या काळाच्या अगदी मध्यावर माणसं तिथे राहत होती, आणि बरीच वर्षं राहत होती. एका घराच्या जमिनीत एका म्हातारीला पुरलं होतं. तिचं खुब्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं. म्हणजे मोडल्यावर ती काही वर्षं जगली होती, पण तिला चालता येत नसणार. तिला दात नव्हते. जबड्याचं हाड गुळगुळीत झालं होतं, म्हणजे दात जाऊनही जमाना झालेला. आणि तिच्या घरच्या चुलीपाशी मॅडमना जे दाणे मिळाले ते बारीक भरडलेले होते. कुणीतरी तिला मऊ करून भरवत होतं.

मॅडम ते सगळं घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या मॉडेलमध्ये म्हातारी माणसं कुठे आहेत?"

कुठेच नव्हती. तान्ही मुलं नव्हती, दिवस गेलेली बाई नव्हती, लंगडणारा माणूस नव्हता. माझ्या मॉडेलमधले सगळे पंचविशीचे होते आणि सगळ्यांच्या पायांत जणू उत्तम बूट होते. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. सरासरी माणूस घ्यायचा आणि त्याला चालायला लावायचं. मी चिडलो. म्हणालो, "एका म्हातारीवरून आता सिद्धांत मांडायचा का?" त्या म्हणाल्या, "सिद्धांत कोण मांडतंय? एक ओळ घाला म्हणते. गटाचा वेग म्हणजे गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग." मी म्हणालो, "आणि ते माणूस चालूच शकत नसेल तर?" त्या म्हणाल्या, "तर गट थांबतो."

आवाज इतका चढला होता की आमची विद्यार्थिनी श्रावस्ती भिंतीपलीकडून धावत आली. ती आज इथे आहे, विचारा तिला.

शेवटी मी ती ओळ घातली. घातली ती मॅडम चुकीच्या आहेत हे दाखवायला घातली, एवढं मला सांगू द्या. मॉडेल चालवलं. ठिपके उतरले नदीकडे, पण सगळे नाही. काही टेकड्यांवर, जिथे एखादा झरा शिल्लक होता, तिथे एकेक ठिपका पेटून राहिला. पाऊस परत आल्यावर पठारावर जी माणसं पुन्हा पसरली त्यांतली काही या ठिपक्यांतून पसरली. हे सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. अजून खूप टेकड्या खणायच्या आहेत, दोन वर्षांचं काम बाकी आहे. पण त्या दिवशी आम्ही तिघे पडद्यासमोर उभे होतो आणि ती ओळ राहू द्या, असं मीच म्हणालो. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

या दोन वर्षांच्या कामासाठी मॅडम हव्यात. म्हणून त्यांची निवृत्ती जवळ आली तशी मी धावपळ करून त्यांना संस्थेत मानद पद मिळवून दिलं. संचालिकांनी सही केली. सगळं जमलं. आणि गेल्या हिवाळ्यात एक दिवस आईंनी जाहीर केलं, "मला गावाकडं जायचं. आणि एकटी नाही राहायची मी. नीलम संग पाहिजे."

दिल्लीची हिवाळ्यातली हवा तुम्हाला सांगायला नको. आईंना दम लागत होता, हे खरं. मॅडमनी लगेच हो म्हटलं. गावच्या दोन खोल्या चुलत भाऊ समाधान यांनी झाडून-पुसून ठेवल्या. सगळ्यांनी कौतुक केलं, बघा, आईसाठी लेक निघाली. मी तेवढा हादरलो. गेलो त्यांच्या घरी समजावायला. रिकाम्या हाताने नाही गेलो. आमच्याकडे पुढच्या काळाचीही मॉडेलं असतात. मी आणि श्रावस्तीने मिळून आईंच्या तालुक्याचा मोठा नकाशा काढून नेला होता. उन्हाळा किती तापणार, पाणी किती आटणार, सगळं लाल लाल. मी जेवणाच्या टेबलावर तो पसरला आणि पुराव्यानिशी सांगितलं की तिकडे राहायला जाणं शहाणपणाचं नाही.

आईंनी चष्मा लावला. "हे लाल कशाचं रे जयंता?"

"उन्हाचं, आई. बघा किती वाढणार आहे."

"कधी?"

"दोन हजार सत्तरपर्यंत."

आईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "बाबा, मी ब्याऐंशीची हाय. तू मला कवापर्यंत जगवायलास?"

मॅडम हसून हसून खोकायला लागल्या. श्रावस्ती टेबलावर डोकं टेकून हसत होती. एक पीएचडी आणि एक होऊ घातलेली, आम्ही दोघांनी तो नकाशा काढला होता, त्यातले रंग तपासले होते, आणि समोरच्या बाईचं वय कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हजारो वर्षांत विचार करायची सवय लागली की असं होतं.

त्यानंतर मॅडम श्रावस्तीला ऑटोत बसवून द्यायला खाली गेल्या, आणि आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे जे बोलणं झालं ते मी आता सांगणार आहे. मॅडमना ते माहीत नाही.

मॅडम, माझ्याकडे असं बघू नका. आईंनी सांगितलंय म्हणून सांगतोय.

आई म्हणाल्या, "माझा दम वयाचा हाय. तिचा दम वयाचा नाही."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या होत्या. दोघींना त्या यंत्रात फुंकायला लावलं. आईंचं ठीक आलं, वयाच्या मानाने उत्तमच. मॅडमचं नाही आलं. तपशील मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण डॉक्टर काय म्हणाले ते आईंनी मला जसंच्या तसं सांगितलं: "डॉक्टर तिला म्हणले, मॅडम, आप दिल्ली छोड़ दीजिए, अभी. तर ही काय म्हणली माहिताय? म्हणली, दो साल बाद. काम पूरा होने दीजिए."

दोन वर्षं. माझंच मॉडेल, माझीच ती मानद पदाची फाइल.

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?" आई म्हणाल्या, "सांगून बघितलं. सोतासाठी ती नाही उठायची. पहिल्यापासून अशीच हाय. पण माझ्यासाठी उठंल. म्हणून म्हणलं, मलाच जायचं म्हणते गावाकडं."

"आणि आई, तुम्हाला खरंच जायचंय का?"

"मला?" त्यांनी गॅस बारीक केला. "बिल्कुल नाही. मला काय धाड भरली हितं? सगळ्या मैतरणी हितं हायत माझ्या. तिथं कोण वळखतंय मला आता? साठ वर्षं झाली."

बंधू-भगिनींनो, आईसाठी लेक निघाली म्हणून आपण आज दोघींना शाल दिली. पूर्वीने निवेदनात तसं सांगितलं, खंदारे साहेबांनी तसं गौरवाने म्हटलं, मीही महिनाभर तसंच धरून चाललो होतो. आणि या बाई ब्याऐंशीव्या वर्षी आपली दिल्ली सोडताहेत, आपला दरबार सोडताहेत, अर्धी राहिलेली सीरियल सोडताहेत, कारण त्याशिवाय त्यांची मुलगी इथून हलणार नाही. त्या दिवसापासून मला त्या टेकडीवरच्या म्हातारीबद्दल नीट झोप नाही. आम्ही किती खात्रीने म्हणालो होतो की बाकीचे तिच्यासाठी थांबले. कुणी कुणासाठी काय केलं, हे हाडांवरून कळत नाही हो. आम्ही उगीचच कळल्यासारखं लिहितो.

मॅडम, बसा. बसून घ्या. श्रावस्ती, आईंना वर आण. आई, हात धरा त्यांचा. मला माहीत आहे तुम्हाला बोलायचंय. आईंनी मला हे समारंभातच सांगायला बजावलं होतं. "चार लोकांत ती तोंड नाही उघडायची," असं म्हणाल्या होत्या. तुमच्या आईला तुम्ही चांगल्या ठाऊक आहात.

अजून एक गोष्ट राहिली, आणि ती आईंच्याही लक्षात आली आहे. मॅडमनी परतीचं तिकीट काढलेलं आहे. आईंना गावी बसवून द्यायचं, पंधरा दिवस राहायचं आणि प्रयोगशाळेत हजर व्हायचं. इतक्या शांतपणे निवृत्त का झाल्या, ते आता कळलं ना? हे तिकीट त्यांनी मला विचारून काढलं. सगळं माहीत असूनही मी तेव्हा खूश झालो होतो. मी माणूस आहे, मला माझं काम पुरं व्हायला हवं होतं आणि भिंतीपलीकडे भांडायला माणूसही हवं होतं.

तर मॅडम, सगळ्यांच्या साक्षीने तुमच्याकडे एक मागणं मागतो. ते तिकीट रद्द करा. मानद पद मी परवा संचालिकांशी बोलून असं करून घेतलं आहे की त्यासाठी दिल्लीत राहावं लागणार नाही. डॉ. माथुर, मैं वही बता रहा हूँ जो आपने साइन किया था। सूक्ष्मदर्शक गावाला येईल. श्रावस्ती पाण्याच्या, गाळाच्या बाटल्या घेऊन येईल; ती आधीच खूश आहे, तिला तुमच्या हातचं पिठलं हवंय. फोनवर रोज भांडता येईल. आणि ज्या टेकड्या खणायच्या बाकी आहेत त्या तुमच्या गावापासून जवळ आहेत, वैशालीपासून नाहीत. काम पुढे गेलं नाही तर नाही गेलं. तीन हजार वर्षं थांबलंय, अजून थोडं थांबेल. तुम्ही आईंसाठी जाताय असं मनात धरून गेलात, तर त्यांची व्यवस्था लागली की परत याल. म्हणून विचारतो. स्वतःसाठी जाल का?

उत्तर द्यायची गरज नाही. नुसती मान हलवली तरी पुरे. आम्ही थांबतो. पूर्वी, घड्याळ दाखवू नकोस, एवढं होऊ दे.

हलवली. पहिल्या रांगेतल्यांनी पाहिली, मागच्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवावा. टाळ्या नकोत, त्यांना अवघडल्यासारखं होतंय. आई, तुम्ही आता डोळे पुसायचे नाहीत, हे सगळं तुमचंच कारस्थान आहे.

मला बोलायला बोलावलं याबद्दल मंडळाचा, अध्यक्षांचा, आणि एवढा वेळ उपाशीपोटी ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, वेळेची मर्यादा तर उघडच मोडली आहे. ते सारं आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. नीलम मॅडम, तुमच्या घरची गोष्ट मी चारचौघांत बोललो. तुम्ही मला माफ करा किंवा गावी पोचल्यावर फोनवर सावकाश शिव्या द्या, पण तिथूनच द्या.

गाडी उद्या सकाळची आहे. आम्ही सगळे स्टेशनवर येणार आहोत. नमस्कार, जय भीम.